सावलीच्या सोयीने

बंद कारंज्यापाशी रोज सकाळी नऊ वाजता एक पिवळी छत्री वर व्हायची आणि तिच्या मागे दहा-पंधरा माणसं चालू लागायची. ऊन असो, पाऊस असो, छत्री कधी उघडत नसे. ती उघडतच नाही, मूठ तेवढी शाबूत आहे, असं बाहुल्यांच्या नाट्यगृहाचा तिकीटवाला म्हणायचा, पण त्याचं फारसं मनावर घ्यायचं कारण नाही. त्याला सगळ्यांच्याच वस्तू मोडक्या दिसत. ती छत्री धरणाऱ्या गृहस्थांना सगळा भाग छत्रीवाले म्हणूनच ओळखायचा. सव्वीस वर्षं ते या जुन्या वस्तीतली घरं लोकांना दाखवत होते आणि चौसष्टाव्या वर्षीही त्यांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता.

फेरी अडीच तासांची. नकाशे कोरणाऱ्या दोन भावांचं घर, डॉक्टरीणबाईंचं निळ्या खिडक्यांचं घर, बंद पडलेला छापखाना, बाहुल्यांचं नाट्यगृह आणि शेवटी मनोऱ्याचं घड्याळ. पण सगळ्यांना आवडायचा तो मधला थांबा, कोपऱ्यावरचं घर. तिथे समोर एक डेरेदार झाड होतं, झाडाभोवती दगडी पार होता आणि पारावर पंधरा माणसं आरामात टेकायची. माणसं टेकली, पाण्याच्या बाटल्या उघडल्या, की छत्रीवाले गोष्ट सांगायला घेत.

मनोऱ्यातलं घड्याळ ज्याने घडवलं त्या घड्याळजीची ती गोष्ट. घड्याळ तयार झालं, पण मनोऱ्याचं बांधकाम रखडलेलं. घड्याळ नीट चालतं की नाही हे पाहायचं तर त्याची वजनं खाली सोडायला उंची हवी. मग या पठ्ठ्याने काय करावं? माडीवरच्या खोलीची जमीन कापली, तिथे चौकोनी भोक पाडलं आणि दोरीला बांधलेलं वजन थेट खालच्या स्वयंपाकघरात सोडलं. अकरा महिने त्याच्या बायकोने त्या वजनाशेजारी उभं राहून स्वयंपाक केला. वजन कपाळाशी आलं की ती चूल पेटवायची, खांद्याशी आलं की नवऱ्याला जेवायला हाक मारायची आणि गुडघ्याशी आलं तरी तो उतरला नसेल, तर वर जाऊन त्याची हजेरी घ्यायची. वस्तीला घड्याळ मिळालं ते नंतर, आधी ते तिला मिळालं होतं. या वाक्याला बायका हमखास हसायच्या आणि पुरुष त्यांच्याकडे बघायचे.

मग कोणीतरी विचारायचंच, "पुढे त्या घरात कोण राहिलं?"

"पुढे सांगण्यासारखं कोणी राहिलं नाही," असं म्हणत छत्रीवाले छत्री वर करायचे. लोकांना पारावरून उठवायला ते वाक्य फार उपयोगी पडायचं.

गोष्टीत खोटं काही नव्हतं. फक्त घर ते नव्हतं.

खरं घर मागच्या चढावर होतं, बहात्तर पायऱ्या चढून गेल्यावर, सहा घरांच्या रांगेत चौथं. आणि पुढे तिथे चांगली सांगण्यासारखी माणसं राहिली होती. घड्याळजीच्या मुलीकडून ते घर छत्रीवाल्यांच्या ताईच्या सासूबाईंनी घेतलं. ताई लग्न होऊन त्या घरात आली, तिथेच तिची मुलगी रांगली, तिथेच दाजी गेले, आणि आता एकाहत्तराव्या वर्षी ताई तिथे एकटी राहत होती. भोकाची, वजनाची, बायकोने घेतलेल्या हजेरीची सगळी हकीकत छत्रीवाल्यांनी ऐकली ती ताईच्या सासूबाईंच्या तोंडून, त्याच स्वयंपाकघरात बसून, वर बोट दाखवून सांगितलेली. भाची रांगायला लागली तेव्हा भोकावर फळ्या ठोकल्या गेल्या, एवढंच.

मग ही गोष्ट बहात्तर पायऱ्या उतरून कोपऱ्यावर आली कशी? त्यात कोणाचा डाव नव्हता, आणि तेच वाईट आहे. फेरीच्या पहिल्या वर्षी छत्रीवाले लोकांना खरोखर वर न्यायचे. दुसऱ्याच महिन्यात एक वयस्कर बाई पन्नासाव्या पायरीवर घेरी येऊन बसल्या. त्यांना उतरवता उतरवता सगळ्यांच्या नाकी नऊ आले. त्यानंतर छत्रीवाल्यांनी ठरवलं की माणसांना खाली सावलीत बसवायचं आणि गोष्ट तिथेच सांगायची. सुरुवातीला ते चढाकडे हात करून म्हणायचे, "ते तिकडे वर, त्या रांगेत." पण माणसाला जे दिसत नाही ते बघायचा कंटाळा येतो. लोक वर बघायचे, त्यांना घरांच्या पाठी दिसायच्या, आणि नजर पुन्हा समोरच्या देखण्या कोपऱ्यावरच्या घरावर यायची. मग छत्रीवाल्यांचा हातही वर्षा-दोन वर्षांत हळूहळू खाली आला. आधी खांद्याइतका, मग कमरेइतका, आणि एक दिवस तो सरळ समोर झाला.

एकदा हात समोर झाला म्हटल्यावर बाकीचं आपोआप होत गेलं. वर्तमानपत्रात छापून आलं. छत्रीवाल्यांनी स्वतःच लिहिलेल्या छोट्या पुस्तिकेत कोपऱ्यावरच्या घराचं चित्र आलं. वस्तीच्या मंडळाने पाटी लावायची ठरवली तेव्हा मजकूर कोणाकडे मागणार, त्यांच्याकडेच. त्या दिवशी ते पायऱ्या चढून ताईकडे गेले होते. "ताई, पाटी कोपऱ्यावर लागतेय," असं त्यांनी चाचरत सांगितलं होतं.

"लागू दे," ताई म्हणाली होती. "माझ्या दारात गर्दी नको. मला दुपारी झोप लागते."

पुढे कोपऱ्यावरच्या मालकांनी घराचं संग्रहालय केलं. त्यांच्या माडीला भोक नव्हतं, ते त्यांनी पाडून घेतलं. माप छत्रीवाल्यांनी दिलं, तंतोतंत. भोकाला पितळी कठडा आला, वर दिवा आला, खाली चकचकीत वजन लोंबकळलं. मग रिकाम्या खोलीत ठेवायला काहीतरी हवं, म्हणून छत्रीवाल्यांना ताईच्या पोटमाळ्यावरचं घड्याळजीचं कामाचं टेबल आठवलं. वस्तू आवळून धरायचा लोखंडी शेगडा बसवल्याच्या खुणा असलेलं, एका पायाने लंगडं. ताईनेही हसत दिलं. इथे उंदीर खातील, तिथे निदान कोणी धूळ पुसेल, असं तिचं म्हणणं. टेबल उतरवताना बहात्तर पायऱ्यांवर चौघांचा जीव अर्धा झाला आणि छत्रीवाले पुढे छत्री धरून वाट करत होते.

दुरुस्ती करायची असं त्यांच्या मनात कितीदा तरी आलं. पण पारावर पंधरा माणसं हसत असताना मध्येच थांबून 'हे ते घर नव्हे' असं म्हणायचं कोणत्या दिवशी? तो दिवस रोज उद्यावर जात राहिला.

आणि मग ताईचा फोन आला.

"धाकट्या, माझ्या दारावर कोणीतरी तांबडा रंग लावून गेलंय. आकडा काढलाय आणि भोवती गोल. पुसून बघितलं, जात नाही."

छत्रीवाले त्या दिवशी वर पोचले तेव्हा सहाही दारांवर तसे गोल होते. दाराच्या फटीत सूचना अडकवलेली. वस्तीच्या वारसा समितीने दोन याद्या केल्या होत्या: राखायची घरं आणि काढायची घरं. कोपऱ्यावरचं घर पहिल्या यादीत पहिलं होतं. ते बघायला येणाऱ्यांच्या गाड्या उभ्या करायला जागा नव्हती, म्हणून मागचा चढ खोदून तिथे वाहनतळ होणार होता. चढावरच्या सहा घरांबद्दल एकच ओळ होती: 'या घरांविषयी ऐतिहासिक महत्त्वाचा कोणताही उल्लेख आढळत नाही.'

छत्रीवाल्यांनी ती ओळ दोनदा वाचली. उल्लेख करायचं काम या भागात सव्वीस वर्षं एकच माणूस करत होता.

"काय लिहिलंय?" ताईने विचारलं. तिचा चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता.

"घर पाडणार म्हणतात."

ताईने सूचनेची घडी घातली. तिने दाराच्या चौकटीवर हात ठेवला आणि थोड्या वेळाने चहा टाकायला आत गेली. छत्रीवाले तिच्या मागोमाग गेले. "मी सांगतो त्यांना," ते म्हणाले. "मीच चुकीचं सांगितलं, मीच बरोबर सांगतो. माझं कोण ऐकणार नाही?"

त्या क्षणी त्यांना ते खरंच वाटत होतं.

समितीचं कार्यालय छापखान्याच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या पाहणी अधिकारी म्हणजे पस्तिशीतल्या एक बाई. छत्रीवाल्यांना पाहताच त्या खुर्चीतून उठल्या.

"काका, बसा. मला ओळखलंत का? सातवीत असताना शाळेतून आले होते तुमच्या फेरीला. घरी जाऊन आईला सांगितलं, मी जुन्या घरांचंच काम करणार."

एरवी हे ऐकून छत्रीवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं असतं. त्या दिवशी त्यांनी नुसती मान हलवली आणि जे सांगायचं ते एका दमात सांगून टाकलं. पायऱ्या, घेरी आलेली बाई, सावली, खाली आलेला हात, टेबल, भोकाचं माप, सगळं. काहीही हातचं राखलं नाही.

बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग कपाटातून कोपऱ्यावरच्या घराची जाडजूड फाइल काढली आणि पानं उलटत गेल्या. पुस्तिका, लेखक छत्रीवाले. वर्तमानपत्रातला लेख, माहिती छत्रीवाल्यांची. पाटी, मजकूर छत्रीवाल्यांचा. आणखी एका मार्गदर्शकाची मुलाखत. तो छत्रीवाल्यांच्या हाताखाली शिकलेला. विद्यापीठातल्या एकीचा प्रबंध, त्यात तळटिपा अठरा, त्यातल्या सोळा पुस्तिकेच्या आणि दोन त्या मार्गदर्शकाच्या.

"सगळं तुमच्यापाशी येऊन थांबतं, काका," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर सांगतोय. ज्याने सांगितलं तोच सांगतोय की चुकलं."

"ताई तुमच्या सख्ख्या बहीण ना?"

"हो."

"समितीत हा प्रश्न पहिला येईल. भाऊ बहिणीचं घर वाचवायला आलाय, असं म्हणतील. आणि दुसरा प्रश्न त्याहून वाईट आहे. हे खोटं होतं असं तुम्ही लिहून दिलंत, तर बाकीच्या चार घरांचं काय? डॉक्टरीणबाईंचं घर पण राखायच्या यादीत आहे ते तुमच्याच शब्दावर."

छत्रीवाल्यांनी समोरची फाइल हळूच मिटली. डॉक्टरीणबाईंच्या घरात आता दोन कुटुंबं राहत होती.

बाईंना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "एक गोष्ट आणा," त्या म्हणाल्या. "एकच. जी तुमच्या तोंडून आलेली नाही अशी. कागद, नाव, काहीही."

"खरेदीचे कागद वाळवीने खाल्ले, पण भोक आहे," छत्रीवाले म्हणाले. "फळ्यांखाली. आणि तुळईवर दोरीच्या खुणा आहेत. अकरा महिने दोरी घासली तिथे. त्या खुणा कोपऱ्यावर नाहीत. कशा असतील?"

बाईंचा चेहरा उजळला. "हे चालेल. लाकूड खोटं बोलत नाही. गुरुवारी बारा वाजता मी स्वतः येते. मात्र उघडू नका, हात लावू नका. मी आल्यावर माझ्यासमोर उघडू."

छत्रीवाले घरी गेले ते तरंगतच. गेल्या कित्येक दिवसांत त्यांना पहिल्यांदा नीट भूक लागली होती.

बुधवारी दुपारी ते ताईकडे गेले, नुसतं बघायला. म्हणजे हेतू तसाच होता, यावर आपण विश्वास ठेवायला हरकत नाही. माडीवरच्या खोलीत ट्रंक बाजूला केली, सतरंजी गुंडाळली. खाली फळ्या होत्या, चाळीस वर्षांपूर्वी दाजींनी ठोकलेल्या, खिळे गंजलेले. छत्रीवाले त्यांच्याकडे बघत उभे राहिले. उद्या बाई आल्या, फळ्या काढल्या, आणि खाली खुणा नसल्याच तर? वाळवीने खाल्ल्या असल्या तर? बाईंसमोर तोंडघशी पडण्यापेक्षा आधी एकदा बघून ठेवलेलं बरं, असं त्यांना वाटलं. त्यांनी पटाशी घातली.

"त्या बाई उघडू नका म्हणाल्या ना?" ताईने जिन्यातून विचारलं.

"बघून परत ठोकतो."

फळी उचकटली तसा खालच्या स्वयंपाकघरातला उजेड वर आला. भोक जसंच्या तसं होतं. छत्रीवाले गुडघ्यांवर बसले, तुळईच्या कडेवरून बोट फिरवलं, आणि त्यांना दोरीच्या दोन खुणा लागल्या. बोटाला लागल्या, डोळ्यांना मात्र धड दिसेनात. चाळीस वर्षांची धूळ त्यात बसलेली, लाकूड काळवंडलेलं, खोलीत उजेड बेताचा. नखाने ओढलेल्या रेघेसारख्या दोन उथळ खाचा.

इथे कोणी सुतार असता तर त्याने त्या तशाच ठेवल्या असत्या. इतिहासाचा मास्तर असता तर त्याने श्वाससुद्धा जपून सोडला असता. पण छत्रीवाल्यांनी आयुष्यभर एकच काम केलं होतं: जे आहे ते शेवटच्या माणसाला दिसेल असं करणं. बाई येणार, वाकून बघणार, त्यांना दिसणार नाही, त्या मान हलवून निघून जाणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्यांनी खाली जाऊन दाजींच्या हत्यारांच्या पेटीतून कानस आणली.

"कानस कशाला?" ताई म्हणाली.

"थोडं उठावदार करतो. खुणा आहेतच गं, मी काही नवीन नाही करत. फक्त दिसायला हव्यात."

"आहे तसं राहू दे, धाकट्या."

"बघणाऱ्याला दिसायला नको का?"

अर्ध्या तासात खाचा छान दिसायला लागल्या. छत्रीवाल्यांनी भुसा फुंकला, तुळईवर तेलाचं फडकं फिरवलं, फळ्या पुन्हा बसवल्या, त्याच खिळ्यांनी, खिळ्यांच्या त्याच भोकांत. कपाळावरचा घाम पुसला आणि ताईला म्हणाले, "उद्या बघ."

गुरुवारी बाई बाराच्या ठोक्याला आल्या. बहात्तर पायऱ्या चढून त्यांना धाप लागली होती, पण चेहरा हसरा होता. ताईने पाणी दिलं. सगळे माडीवर गेले. छत्रीवाल्यांनी फळ्या काढल्या आणि आवाज नको म्हटलं तरी फेरीचाच लागला. "ही बघा, इथून दोरी खाली जायची."

बाई गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी आधी भोकाचं माप घेतलं. माप वहीत टिपलं, मग फाइल काढून कोपऱ्यावरच्या भोकाचं माप पाहिलं. दोन्ही सारखी होती.

"सारखं असणारच," छत्रीवाले घाईने म्हणाले. "मीच दिलं ना त्यांना."

"हं," बाई म्हणाल्या. त्यांनी बॅटरी काढली आणि खाचांवर उजेड टाकला. मग बोट खाचेत घालून ओढलं आणि बोटाचं टोक उजेडात धरलं. त्यावर पिवळसर, ताजा भुसा होता.

त्यांनी वर पाहिलं. त्या क्षणी त्या सातवीतल्या मुलीसारख्या दिसल्या, कोणीतरी डोळ्यांदेखत फसवल्यासारख्या.

"काका, हे तुम्ही केलंत?"

"खुणा होत्या," छत्रीवाले म्हणाले. "देवाशपथ होत्या. मी फक्त थोड्या..." पुढचा शब्द त्यांना सापडेना. 'उठावदार' हा शब्द काल किती साधा वाटला होता.

"खिळेही काढून ठोकलेले दिसतात."

"हो."

बाईंनी खाचेतला भुसा कागदात घेतला, कागदाची पुडी केली आणि ती पिशवीत ठेवली. "मला जे दिसलं ते लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "मला तुमचं म्हणणं खरं वाटतंय. पण मी ते कशाच्या जोरावर लिहू?" त्या ताईच्या पाया पडायला वाकल्यासारख्या झाल्या, मग अवघडून थांबल्या, आणि जिना उतरून गेल्या.

खाली पायऱ्यांवरचा त्यांच्या बुटांचा आवाज पुरता थांबेपर्यंत बहीण-भाऊ माडीवरच उभे होते. छत्रीवाल्यांना रडू येत होतं आणि चौसष्टाव्या वर्षी मोठ्या बहिणीसमोर रडायची लाजही वाटत होती.

"बोल ना काहीतरी," ते म्हणाले.

"काय बोलू?" ताई भोकातून खाली आपल्या शेगडीकडे बघत होती. "आधी तू ह्या घराची गोष्ट खाली नेलीस. मी म्हटलं ने. मग टेबल नेलंस. म्हटलं ने. उरलं होतं तेवढं काल कानसून काढलंस. मी म्हणत होते, राहू दे. तू कधी काही राहू देत नाहीस, धाकट्या. तुला सगळं छान करायचं असतं." तिचा आवाज चढलेला नव्हता. "झाक ते. उजेडाने डोळे दुखतात."

निर्णयाचं पत्र महिन्याभराने आलं. त्यात 'अलीकडे केलेला फेरफार' असे शब्द होते. छत्रीवाल्यांनी समितीच्या अध्यक्षांना गाठलं, मंडळातल्या जुन्या ओळखीच्यांना गाठलं, अगदी कोपऱ्यावरच्या मालकांच्याही हातापाया पडले. मालकांनी त्यांना खुर्ची दिली, पंखा लावला आणि मायेने म्हणाले, "छत्रीवाले, सव्वीस वर्षं सांगताय. आता वय झालं की होतं असं, एकाचं दुसऱ्यात मिसळतं." छत्रीवाल्यांनी पुढच्या दोन फेऱ्यांत पारावर उभं राहून लोकांना खरं सांगायचाही प्रयत्न केला. पहिल्या दिवशी लोकांना तो गोष्टीचाच भाग वाटला आणि ते हसले. दुसऱ्या दिवशी एकाने पाटीकडे बोट दाखवून विचारलं, मग तिथे असं का लिहिलंय? काय सांगणार, कपाळ? तिसऱ्या दिवसापासून ते पुन्हा जुनी गोष्ट सांगू लागले.

ताईला शहराच्या टोकाला नवव्या मजल्यावर एक खोली मिळाली. "माझ्याकडे ये," छत्रीवाले म्हणाले.

"तुझ्या खोलीत तुलाच बसायला जागा नाही, सगळी पुस्तिकांची खोकी," ताई म्हणाली. "आणि तिथे लिफ्ट आहे म्हणे. म्हातारपणी पायऱ्या सुटल्या, हे काय थोडं झालं?" ती स्वतःच हसली. छत्रीवाल्यांना हसता आलं नाही.

भाची परगावाहून आली आणि सामानाची बांधाबांध झाली. टेम्पो शुक्रवारी दुपारी येणार होता. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता छत्रीवाल्यांनी कारंज्यापाशी छत्री वर केली आणि जमलेल्या बारा माणसांच्या मागे त्यांना ताई दिसली. चांगली साडी, पायात बूट, हातात कापडी पिशवी.

"ताई, तू?"

"सव्वीस वर्षांत एकदाही आले नाही. आज म्हटलं, जाता जाता बघावं काय दाखवतोस ते. तू तुझं चालू ठेव. माझ्याकडे बघू नकोस."

छत्रीवाल्यांनी फेरी चालू ठेवली. नकाशे कोरणाऱ्या भावांकडे त्यांचा आवाज दोनदा फाटला. ताई सगळ्यांच्या मागे, सगळं मन लावून ऐकत होती. डॉक्टरीणबाईंच्या निळ्या खिडक्यांपाशी तर तिने शेजारच्या बाईला विचारलंही, "बाई रात्री-बेरात्री एकटी जायची म्हणजे धीटच नाही का?" तिला गोष्ट आवडली होती.

मग कोपऱ्यावरचं घर आलं. आधी सगळे आत गेले. ताईने पितळी कठड्यावरून वाकून ते चकचकीत वजन पाहिलं. भिंतीशी तिच्या पोटमाळ्यावरचं टेबल होतं, भोवती जाड दोरी, वर 'कृपया हात लावू नये'. ताईने दोरीपलीकडून टेबलाच्या लंगड्या पायाखाली पाहिलं. तिथे दाजींनी लावलेली लाकडाची चकती अजून होती. तिने हात पुढे केला नाही. बाहेर आल्यावर ती पारावर एका कडेला टेकली आणि पदराने मान पुसली. सावली खरंच गार होती.

"छान जागा आहे बसायला," ती शेजारणीला म्हणाली.

छत्रीवाले समोर उभे राहिले. मागच्या चढावरून खोदायच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. पहिल्या घरापासून काम सुरू झालं होतं. आज हात वर करायचा असं त्यांनी ठरवलं होतं. ती मागची रांग, ते चौथं घर, आणि ही बाई तिथे राहते, आज दुपारपर्यंत राहते, असं सांगायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि गोष्ट सुरू झाली. सव्वीस वर्षांची घासून गुळगुळीत झालेली गोष्ट, तिला धरायला कुठे खाचच नव्हती. वजन कपाळाशी आलं, खांद्याशी आलं, गुडघ्याशी आलं. वस्तीला घड्याळ मिळालं ते नंतर, आधी ते तिला मिळालं होतं. बायका हसल्या. ताईसुद्धा हसली, अगदी सासूबाई सांगायच्या तसंच सांगितलं होतं त्याने.

पुढच्या रांगेतल्या एका माणसाने पाण्याचा घोट घेतला आणि विचारलं, "मग पुढे त्या घरात कोण राहिलं?"

ताईने मान वर केली.

"पुढे सांगण्यासारखं कोणी राहिलं नाही," छत्रीवाले म्हणाले.

वाक्य तोंडातून गेलं आणि मग त्यांना ते ऐकू आलं. पण तोवर सवयीने छत्री वर झाली होती आणि माणसं कपडे झटकत उठत होती. त्यांनी पाराच्या कडेकडे पाहिलं. ताईने इतरांसारखीच मान डोलावली, पिशवी उचलली आणि सगळ्यांच्या मागून छत्रीकडे बघत चालू लागली.